महसूल मंत्र्यांना खुले पत्र: उरणच्या घरावरची न दिसणारी रेघ

प्रति,
माननीय महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

उरणमध्ये आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहतो. माझे यजमान बंदरावर कामाला आहेत, मी शाळेत शिकवते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी खारकोपरपासून पुढे उरणपर्यंत लोकल आली, आणि आमच्या डोळ्यांदेखत जागांचे भाव चढू लागले. आता नाही घेतलं तर कधीच नाही, असं म्हणून आम्ही घर बघायला लागलो.

म्हातवलीत एक बैठं घर पसंत पडलं. पुढे ओटी, मागे विहीर, दारात शेवगा. घर एका आगरी कुटुंबाचं. ते विकणाऱ्या मावशींच्या सासऱ्यांनी बांधलेलं. मावशींना धाकट्या मुलाकडे पनवेलला जायचं होतं. सातबारा बघितला, आम्हाला मिळालेल्या उताऱ्यावर 'इतर हक्क'चा रकाना कोरा होता. महिलेच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तोही हिशेब मांडून झाला. ५१ हजारांची इसार पावती केली.

तीन आठवड्यांनी बँकेच्या वकिलांचा फोन आला. हा सर्व्हे नंबर नौदलाच्या सेफ्टी झोनमध्ये येतो, कर्ज होणार नाही.

करंजाला नौदलाचं शस्त्रागार आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भिंत दिसते, तारेचं कुंपण दिसतं, पाट्या दिसतात. पण त्या भिंतीबाहेर किती लांबपर्यंत बांधकामाला बंदी आहे, ती रेघ कुणाच्या ओटीवरून आणि कुणाच्या विहिरीवरून जाते, ते जमिनीवर कुठेच दिसत नाही. केंद्र सरकारने १९९२ साली अधिसूचना काढून शस्त्रागाराभोवतीचा पट्टा सुरक्षा क्षेत्र म्हणून जाहीर केला. बोरी, पाखाडी, केगाव, म्हातवली अशी भरल्या वस्तीची गावं त्यात आली.

आमच्या दलालाने तर मोबाईलवर संरक्षण मंत्रालयाचं २०१६ चं परिपत्रक दाखवलं होतं. लष्करी ठाण्यापासून कुठे १० मीटर, कुठे १०० मीटर सोडलं की झालं, तुम्ही तर त्याच्या कितीतरी पलीकडे आहात, असं तो म्हणाला. त्याने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही, त्यालाही तेवढंच माहीत असावं. पण ते अंतर साध्या लष्करी ठाण्यांसाठीचं. दारूगोळ्याच्या साठ्याभोवतीची बंदी निराळी. ती १९०३ च्या संरक्षण कार्य कायद्याखाली येते आणि तिथली अंतरं मीटरात नाही, यार्डात मोजलेली आहेत, थेट २००० यार्डांपर्यंत. हा फरक घर घेणाऱ्या साध्या माणसाने कुठून शोधून काढायचा?

महोदय, आमचा नौदलावर राग नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसं पाहिल्याचं सांगितलं आणि सगळ्या यंत्रणा शोधाला लागल्या, ते दिवस मी वर्गातून पाहिले आहेत. मुलं बाकावर बसून खिडकीबाहेर बघत राहायची. अंतर का राखायचं हेही आमच्या घरात कुणी समजावून सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावरच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, तेव्हा यजमानांचे आजोबा गोदीत हमाल होते. त्या दिवशी ते पाळी बदलून घरी राहिले म्हणून वाचले. मोकळं अंतर हवंच. मात्र ते कुणाच्या जमिनीतून जाणार आहे हे त्या माणसाला सांगायला हवं, आणि त्याची भरपाई द्यायला हवी.

हा विषय दिल्लीचा आहे, असं उत्तर आम्हाला एका सरकारी कार्यालयात मिळालं. म्हणूनच हे पत्र संरक्षण मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. अधिसूचना दिल्लीची, हे खरं. पण त्याच कायद्यात पुढची सगळी कामं जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवलेली आहेत. जाहीर नोटीस त्यांनी लावायची, मोजणी त्यांनी करून घ्यायची, लोकांचे दावे ऐकून नुकसानभरपाईचा निवाडाही त्यांनीच द्यायचा. जिल्हाधिकारी, तलाठी, भूमी अभिलेख, नोंदणी व मुद्रांक, ही सगळी खाती तुमची. खरेदीखताला मुद्रांक शुल्क घेते ती तुमचीच खिडकी. ज्या जमिनीवर वीट रचता येत नाही, तिचा व्यवहार शासन पैसे घेऊन नोंदवतं आणि घेणाऱ्याला एका शब्दानेही सावध करत नाही, हे मला पटत नाही.

तेव्हा पट्ट्यातल्या प्रत्येक सर्व्हे नंबरवर 'इतर हक्क'मध्ये स्पष्ट शेरा यावा, तो गावनकाशावर दिसावा, आणि दस्त नोंदवण्याआधी घेणाऱ्याला वाचून दाखवावा.

इथे मी बराच वेळ थांबले. असा शेरा सरसकट पडला तर मावशींचं घर घेणार कोण? आम्ही वाचू, त्या बुडतील. १९९२ पासून त्यांना वरचा मजला चढवता आला नाही, दोन मुलांची लग्नं झाली तशी खोल्यांत पार्टिशनं पडली. भरपाईचा एक पैसा हाती आला नाही, असं त्या सांगतात. "आमचा घर आधीचा, त्यांची रेघ मागून आली," हे त्यांनी मला विहिरीच्या कठड्यावर बसून सांगितलं आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून माझी मागणी अर्धी धरू नका. नुसता शेरा मारून मोकळं होऊ नका. त्याच्या बरोबरीने मोजणी पुरी व्हावी, भरपाईचा निवाडा व्हावा, आणि जी घरं अधिसूचनेआधीपासून उभी आहेत त्यांना निदान छप्पर आणि भिंती दुरुस्त करायची सरळ, लेखी परवानगी मिळावी. कौलं फुटली की ती बदलायलाही माणसं रात्रीची वेळ बघतात, अशी पाळी कुणावर येऊ नये.

उरण ज्यावर वसलं आहे ते हे करंजा बेट १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर इंग्रजांकडे राहिलं. तेव्हाही इथल्या मिठागरवाल्यांना आणि कोळ्यांना कुणी विचारलं नसणार. त्यानंतर बंदर आलं, तेलाचा प्रकल्प आला, सिडको आली, आणि दर वेळी जमीन याच लोकांची गेली. १९८४ मध्ये योग्य मोबदल्यासाठी लढताना इथल्या पाच जणांनी गोळ्या झेलल्या. त्या हुतात्म्यांच्या तालुक्यात भरपाईची गोष्ट आम्ही तुम्हाला समजावून सांगावी लागू नये.

मावशींनी आमचा इसार परत केला. मागितला नव्हता तरी, त्याच पाकिटात, मोजून. घर अजून त्यांचंच आहे. थोरला मुलगा विचारतो आहे की पावसाळ्याआधी मागची भिंत पाडून नवी बांधली तर चालेल का. तलाठ्यांकडे गेलो, नगर परिषदेकडे बोट दाखवलं. नगर परिषदेत गेलो, म्हातवली आमच्याकडे येत नाही म्हणाले. त्याला काय सांगायचं, ते तुमच्या कार्यालयाकडून मला लेखी हवं आहे.

आपली नम्र,
उरणची एक भाडेकरू शिक्षिका