समुपदेशक बाईंना, जाहीरपणे

बाई,

नाव लिहायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून नुसतं बाई. शाळकरी मुलांनी मनातलं लिहायचं आपलं ॲप प्ले स्टोअरवर आल्यापासून अभिनंदनाचे फोन मात्र आम्हालाच येतायत. ते घेताना अवघडल्यासारखं होतं, म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी बरेच जाणकार येऊन गेले. एका सल्लागारांना ॲपमध्ये रोपटं हवं होतं. मुलानं रोज ॲप उघडलं नाही तर ते सुकणार! म्हणजे आधीच खचलेल्या पोरीच्या माथी आणखी एक अपराध. एका संस्थेनं तर चाचणीच्या दिवशी बॅनर आणला, फोटोग्राफर आणला, आणि मुलं काय दाबतायत ते मंडळी वाकून वाकून बघत राहिली. झाडून सगळ्यांनी 'मी मजेत आहे'वर बोट ठेवलं. अहवालात ते यश म्हणून नोंदलं गेलं.

तुम्ही नववीतल्या एका मुलीच्या हातात फोन दिलात आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिलात. बस, एवढंच. मी दारातून बघत होते. ती आधी तुमच्या पाठीकडे बघत बसली, मग मान खाली घालून लिहू लागली. बराच वेळ लिहीत होती. फोन परत देताना तिनं विचारलं, "हे दादाला दिसेल का?"

त्या प्रश्नावर आम्ही अख्खं ॲप उसवून पुन्हा शिवलं. कितीतरी घरांत मुलीचा असा फोन नसतोच. आईचा नाहीतर दादाचा, अभ्यासापुरता हातात येणारा. त्यावर संध्याकाळी 'आज मन उदास आहे का?' असं झळकलं तर जेवताना उलटतपासणीच सुरू. म्हणून नोटिफिकेशन काढून टाकली. लिहिलेलं फोनमध्येच राहतं, पिनशिवाय उघडत नाही, एका बटणानं पुसता येतं. नाव, नंबर काही मागत नाही. बाकी श्वासाचे व्यायाम वगैरे चार ॲपमध्ये असतात तसेच.

मुलांच्या मनात डोकवायची घाई सगळ्यांनाच असते. दवाखान्यात, मेडिकलच्या काउंटरवर, जिथे दुसऱ्याची अडचण उघडी पडते तिथे नजर बाजूला घेणारी माणसं किती थोडी!

ॲप म्हणजे समुपदेशक नव्हे, हेही तुम्हीच ठणकावलंत. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेचा दाखला दिलात: शाळकरी मुलांना अडचणी सोडवायला शिकवणारा 'पॉड ॲडव्हेंचर्स' हा मोबाइल खेळ त्यांनी केला, पण त्याच्या जोडीला समुपदेशकही ठेवला. आम्ही शाळाशाळांत तुमच्यासारखी बाई कुठून आणणार? निदान प्रत्येक स्क्रीनवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आला. केंद्र सरकारची ही मोफत सेवा २०२२ पासून आहे, रात्री-अपरात्रीही चालते. तरी तुम्ही आधी स्वतः फोन लावून, मराठीत बोलून खात्री केलीत, मगच नंबर टाकू दिलात.

मानधन मात्र मोजून घेतलंत. चांगल्या माणसानं फुकटच राबावं असं कुठे लिहिलंय? मला ते फार आवडलं.

आता गाडी मुलग्यांपाशी अडली आहे. मुली लिहितात, ही पोरं 'ठीक' एवढंच लिहून मोकळी. दिवाळीची सुट्टी संपली की एक शनिवार द्या. चहा आमच्याकडे, भांडण तुमच्याकडे.

तुमची,
ॲपवाली