सुमे, गोळी घे पण हाडांकडे बघ

प्रिय सुमे,

काल फोनवर म्हणालीस आमवातासाठी प्रेडनिसोलोन, ती स्टिरॉइडची गोळी, सुरू झालीय, बोटं सुटली, सकाळी चहाचा कप धरता येतो, ऐकून इतकं बरं वाटलं गो. पण रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

मी दोन वर्षं तीच गोळी घेतली, हाडांबद्दल कुणी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पडवीतल्या वरच्या खुंटीला छत्री अडकवायचे तिथे हात पोचेनासा झाला, मला वाटलं खांदे धरलेत. मग एक दिवस पाण्याची बालदी उचलली आणि पाठीत काडकन झालं, एक्सरे काढला तर मणके दोन दबलेले! पहिला कधी दबला मला पत्ताच नाही. खांदे बिंदे काही नाही, उंचीच कमी झाली होती माझी.

स्टिरॉइडने हाड झिजतं ते पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच जास्त, आणि अंगातली सूजही हाड पोखरतेच, म्हणून तू आत्ताच डॉक्टरांना डेक्सा स्कॅनचं विचार, त्यात हाडांची घनता मोजतात. त्यातला आकडा, टी-स्कोर, माझा उणे 3.1 आला, उणे 2.5 पासून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली धरतात. पण घाबरून गोळी मनाने बंद करू नकोस हं, अचानक सोडली तर जिवावर बेतू शकतं, डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील.

मला हाडांसाठी अलेन्ड्रोनेट 70 मिलिग्रॅमची गोळी आहे, आठवड्याला एक. रविवारी उठल्या उठल्या उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास चहा नाही की आडवं होणं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. मी तेवढा वेळ खळ्यात फेऱ्या मारते. तुझी दाढ काढायची राहिलीय ना, असलं औषध सुरू व्हायच्या आधी ती उरकून घे.

नाचणीची भाकरी सोडू नकोस, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आपल्याला दिवसाला हजार-बाराशे लागतं, बारीक मासे काट्यासकट खा. डी व्हिटॅमिनही तपासून घे.

आणि विहिरीकडच्या चिऱ्यांवर शेवाळ धरलं असेल, ते आजच कुणाकडून तरी खराट्याने घासून घे, तिकडे बल्ब लाव, रात्री अंधारात जाऊ नकोस.

डॉक्टरांची पुढची तारीख कळव, मी सकाळच्या एसटीने येते, दोघी मिळून जाऊ.

तुझी,
शैला