चित्रकाराचे पैसे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू रागाने फोन ठेवलास. तुमच्या नव्या गॅलरीतलं पहिलं चित्र विकलं गेलं हे सांगायला फोन केलास आणि अभिनंदन करायच्या आधी मी विचारलं, "पैसे कुठल्या खात्यात आले?" तेव्हा आधी अभिनंदन, तुझं आणि अनिकेतचं, दोघांचं. बाबा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलेत.

तू म्हणालीस, "सुताराचं बिल थकलंय, सध्या त्यातून भागवतो, चित्रकार बाईंना पुढच्या महिन्यात देऊ." त्यावर आज काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

भिंतींचे फोटो पाहिले. जिप्सम बोर्डाच्या मागे सगळीकडे प्लायवूड घातलंत हे फार बरं केलंत, स्क्रू कुठेही मारा, वजन पेलेल. अनिकेतचा हात सफाईदार आहे, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, तूच सांग. पण उत्तरेच्या भिंतीला खाली जो पिवळट पट्टा दिसतोय ती ओल आहे. त्यावर रंग चढवू नका, पोपडे धरतील. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, मग भिंत पुरती वाळू द्या. कागदावरची कामं तर तिथे लावूच नका, बुरशीचे ठिपके पडले की जात नाहीत. तूच मला शिकवलंस ना, हवेत दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास हवा, जलरंगांवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, तैलरंगांना २०० पर्यंत चालतो. मग भिंतीच्या बाबतीत घाई का? आणि चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर ठेवतात म्हणे. माझ्या उंचीच्या बाईला मान वर करूनच बघावं लागणार, पण ते असो.

त्या भिंतीवर डाग पडलेलं चित्र तुमचं नसेल, हे मात्र लक्षात ठेव. विकायला ठेवलेल्या चित्राची मालकी विकलं जाईपर्यंत चित्रकाराचीच. आणि विकलं गेलं की बहुतेक गॅलऱ्यांत निम्मे पैसे त्याचे. तुमच्या खात्यात आकडा पूर्ण दिसतो, म्हणून तो पूर्ण तुमचा होत नाही. बघ, आलेच मी तिथे.

मी जन्मभर पतसंस्थेत दुसऱ्यांच्या ठेवी लिहिल्या. वाईट माणसंच पैसे खातात असं नसतं गं. "आठवड्यात परत ठेवतो" म्हणणारी बरीचशी चांगलीच होती. भाऊकाकांचं पुन्हा उगाळत नाही.

तू परवा पॅरिसच्या त्या चित्रविक्रेत्या द्युराँ-र्‍युएलचं उदाहरण दिलंस, इम्प्रेशनिस्ट चित्रकारांसाठी कर्जात बुडाला आणि १८८६ मध्ये चित्रं न्यूयॉर्कला नेली तेव्हा त्याचे दिवस पालटू लागले. खरंय. पण त्याचं कर्ज झालं ते चित्रं विकत घेऊन घेऊन, चित्रकारांचा वाटा वापरून नव्हे. मला तर मुंबईचे केकू आणि खोर्शेद गांधी जवळचे वाटतात. नवराबायकोच होते. आधी फ्रेमचा धंदा, आणि गॅलरी केमोल्ड उघडली ती १९६३ मध्ये. तुम्हीही फ्रेमिंगचं काम सोडू नका. दोघांनी एकदम नोकऱ्या सोडल्यात, निदान सुताराचं बिल तरी त्यातून निघेल. भाषण झालं, माफ कर.

आठवतं, शाळेत असताना तू आणि शेजारची मैत्रीण शुभेच्छापत्रं रंगवून विकायचात? कंपासपेटीच्या वरच्या कप्प्यात तुझे पैसे, खालच्यात तिचे. एकदा खालच्यातून पोस्टर कलरची निळी बाटली आणलीस. मग ती खेळायला बोलवायला आली की तू मोरीत जाऊन बसायचीस. विचारलं तर म्हणालीस, "ती दिसली की पोटात दुखतं." बाटली तशीच सुकून गेली, झाकणसुद्धा उघडलं नव्हतंस. ही पोरगी धंदा कसा करणार, असं तेव्हा बाबा हसत म्हणाले होते. मला वाटलं होतं, हीच करेल.

तर सुताराचं बिल मला पाठव. उसने म्हणून लिहून ठेव, सवडीने फेडा, पण त्याला माझ्याकडचे जाऊ देत. आणि बँकेत दुसरं खातं उघडा, चित्रकारांच्या वाट्यापुरतं, दोघांच्या सह्यांशिवाय हात न लागणारं. अनिकेतला वाईट वाटेल का? वाटलं तर मी बोलीन त्याच्याशी.

उद्घाटनाची तारीख भिंत वाळल्यावर ठरव. बाबांचे गुडघे तुला माहीत आहेत, दाराजवळ एक खुर्ची ठेव.

तुझी,
आई

ता. क. त्या चित्रकार बाईंना पैसे पोचले की मला नुसतं "पोचले" एवढं कळव. बाकी मी काही विचारणार नाही.