संगीताच्या प्राध्यापकांच्या जागा भरा : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

साहेब, नमस्कार,

मी मिरजेत गाण्याचा क्लास घेते. आमचं गाव तंबोऱ्यांचं, इथं मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत दरवर्षी अजूनही गाणं होतं, त्यामुळे त्यांचं किराणा घराणं, म्हणजे त्यांच्या गायकीची परंपरा, आम्हाला घरातलंच वाटतं. खाँसाहेबांची मुलं सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर, आणि त्या दोघांच्या शिष्या गायिका प्रभाताई अत्रे. 13 जानेवारी 2024 ला प्रभाताई गेल्या तेव्हा सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली, 2022 चं पद्मविभूषण आठवलं, मारुबिहाग आणि कलावती रागांच्या रेकॉर्ड परत परत ऐकल्या. पण त्या नोकरी काय करत होत्या हे फार कुणी बोललं नाही, आणि मला तुमच्याशी नेमकं तेच बोलायचंय.

सायन्स आणि लॉ शिकलेली ही बाई आधी आकाशवाणीवर असिस्टंट प्रोड्युसर होती आणि नंतर एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाची प्रमुख. सरगम, म्हणजे सा-रे-ग-म अशी स्वरांची नावं घेत गाणं, हा नुसता गळ्याचा रियाज नाही, आलाप-तानांइतकीच ती गाण्याची भाषा आहे हे त्यांनी मैफलीत गाऊन दाखवलंच, पण त्यावर डॉक्टरेटही केली. स्वतःच्या कितीतरी बंदिशी, म्हणजे रागातल्या रचना, बांधल्या, अपूर्व कल्याण, पटदीप-मल्हार, शिवकाली असे राग दिले, आणि ते सगळं नोटेशनसकट पुस्तकांत लिहून ठेवलं म्हणून आज मिरजेतल्या माझ्या पोरींना मी त्यांची बंदिश शिकवू शकते. मला वाटतं एवढं काम करायला मैफलीच्या बिदागीवर भागत नाही, दर महिन्याला येणारा पगार लागतो आणि समोर बसून प्रश्न विचारणारे विद्यार्थी लागतात.

आता माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगते. आठ वर्षं माझ्याकडे शिकली, संगीतात एमए केलं, प्राध्यापकीसाठी लागणारी नेट परीक्षा पास झाली, स्वतः बंदिशी बांधते आणि खरंच चांगल्या बांधते. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टी लागली की पैसे बंद, आणि मागच्या वर्षीचं मानधन तिला पाच महिन्यांनी मिळालं. त्या कॉलेजात संगीताची पूर्णवेळ जागा होती, सर रिटायर झाले आणि ती तशीच रिकामी राहिली. पोरगी सकाळी कॉलेज, दुपारी शाळेत गॅदरिंगची गाणी बसवणं, संध्याकाळी शिकवण्या, यातच संपते, मग रियाज रात्री अकराला. नवीन बंदिश विचारली तर म्हणते, मॅडम, डोक्यात आहे पण बसायला वेळच नाही.

दहावीला शास्त्रीय गायनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, ते चांगलंच आहे, त्यामुळे निदान पालक क्लासची पायरी तरी चढतात. पण मुलांना पुढं काय सांगू? मार्क घे आणि तंबोरा ठेवून दे?

तर मागणी एकच आहे साहेब, अनुदानित कॉलेजांत संगीताच्या जेवढ्या मंजूर जागा रिकाम्या आहेत त्या पूर्णवेळ भरा, आणि भरेपर्यंत तासिकेवाल्यांचं मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. विद्यार्थीसंख्या कमी आहे हे कारण कृपा करून देऊ नका, शिकवायला कायमचं माणूसच नसेल तर मुलं ॲडमिशन कुणाच्या भरवशावर घेतील.

आमच्या पोरीचा त्याच कॉलेजात त्याच तासिकेसाठी यंदा पुन्हा इंटरव्ह्यू आहे, सलग चौथ्या वर्षी.

आपली,
मिरजेची एक गाणं शिकवणारी