वारा धुळ्या-साताऱ्याचा, राख मात्र नागपूरचीच

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात पवनऊर्जेवर पानभर आलं, फोटो एक नंबर होता, पण 'इतक्या मेगावॉटची क्षमता' याच्यापुढे गाडी काही सरकली नाही. क्षमता म्हणजे वीज नव्हे ना भाऊ. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल ५२८ मेगावॉटचं धरतात, पण वर्षाची सरासरी काढा, राज्यातल्या पवनचक्क्या क्षमतेच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याएवढीच वीज देतात, अन् त्यातलीही बरीचशी जून ते सप्टेंबरमधली. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते म्हणून असं. जुलैत साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन उभे राहा एकदा, पाऊस वरून नाही, आडवा येतो, छत्री उघडली की उलटी, धुक्यात पवनचक्कीचं डोकं दिसतच नाही, नुसतं पातं खाली येतं अन् घूं करून परत वर गायब होतं. आपल्याकडे मे महिन्यात तोंड भाजणारा वारा येतो खरा, पण तो असा सतत लागत नाही, म्हणून विदर्भात फारसं कोणी पवनचक्कीचे टॉवर लावत नाही. त्यात राजकारण शोधायची गरज नाही (बाकी ठिकाणी भरपूर आहे).

आता मुद्दा. आपल्याकडे लोक म्हणतात ती वीज पुण्या-मुंबईला जाते, आपल्याला काय. तसं नसतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइन जोडली तेव्हापासून अख्खा देश एका ग्रिडवर, म्हणजे वीजवाहिन्यांच्या एकाच जाळ्यावर आहे, ५० हर्ट्झ सगळीकडे तेच, कोणाच्या कूलरमध्ये कुठली वीज फिरते ते कोणी सांगू शकत नाही. विचारायचं ते असं की तिकडे वारा सुटला की इकडे कोळसा कोणाचा कमी जळतो? तिथे मेरिट ऑर्डर नावाचं प्रकरण आहे. ज्या केंद्राचा एका युनिट विजेमागे इंधन खर्च जास्त त्याला आधी कमी करायचं. मग नाशिक, भुसावळ, परळीची कोळशाची वीज केंद्रं, म्हणजे ज्यांच्या कोळशावर रेल्वेचं भाडं चढतं, ते आधी खाली येतात. आपल्या नागपूरजवळची कोराडी-खापरखेडा केंद्रं पडली खाणींच्या उशाशी, यांचा कोळसा त्यामानाने स्वस्त, म्हणून यांचा नंबर मागे. म्हणजे पवनचक्क्या कितीही लावा, आपल्या डोक्यावरचा धूर कमी व्हायची पाळी शेवटी येणार. नाशिककरांचं भलं झालं त्याचा आनंद आहे, पण आमचं काय?

अन् हे पावसाळ्यातच जास्त खटकतं. कूलर बंद, शेतीचे पंप बंद, मागणी उतरलेली. खाणीत पाणी, कोळसा ओला, तो चिकटून बसतो अन् बॉयलरमधली आग धरून ठेवायला वरून तेल जाळावं लागतं. राखेचे तलाव तुडुंब. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटून राख शेतात अन् नदीत गेली ते इतक्यात विसरले का सगळे? त्याच दिवसांत सह्याद्रीवर वारा फुल असतो.

इंजिनिअर लोक म्हणतील वीज बनवणारा संच म्हणजे घरचा पंखा नाही, बटण दाबलं की बंद. मान्य. कोळशाचा संच क्षमतेच्या ५५ टक्क्यांच्या खाली सहसा नेत नाहीत, थंड पडला तर परत चालू करायला तास न् तास जातात, अन् वारा संध्याकाळी पडला तर काय? म्हणूनच मी रोज चालू-बंद करा म्हणत नाही. खापरखेड्यात २१० मेगावॉटचे चार जुने संच आहेत, ५०० चा वेगळा. त्या चारपैकी दोन जुलै-ऑगस्ट सलग बंद ठेवा, वार्षिक दुरुस्ती त्यातच उरका, वारा पडलाच तर काही मिनिटांत चालू होणारी कोयनेची जलविद्युत आहेच. वाऱ्याच्या विजेचा अंदाज पवनचक्कीवाल्यांना तसाही दर १५ मिनिटांच्या हिशोबाने द्यावा लागतो, तो काय शोभेला घेतात? युनिटमागे काही पैसे जास्त पडतील, पडू द्या, पण राखेची किंमत मेरिट ऑर्डरमध्ये धरली तर तेवढेही पडणार नाहीत असं माझं मत. आज ती किंमत कोराडी रोडवरचा माणूस भरतो, दिवाळीनंतर सकाळी गाडीच्या सीटवर बोट फिरवा, करडी रेघ उमटते.

नवीन ६६० चे दोन संच कोराडीतच आणायचे म्हटल्यावर सगळे बोलले, पण जुने कधी अन् किती बंद राहणार हे कोणी विचारत नाही. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी होते तेव्हा नागपुरातून जाणारे दराबरोबर हेही मांडतील तर बरं होईल. तुमच्याकडून एवढंच पाहिजे की पावसाळ्यात रोज तापमान-पावसाच्या चौकटीखाली दोन ओळी द्या, काल राज्यात वाऱ्यापासून किती युनिट आली अन् कोराडी-खापरखेड्यातले किती संच चालू होते.

आपला,
एक वाचक, मानकापूर, नागपूर