सईची बोट

पोर्ट्समथ, इंग्लंड

ती. आई-बाबा,
सा. न.

सई विद्यापीठाच्या नौदल तुकडीत गेल्यापासून आईचा एकच घोर, पोरीला युद्धावर तर धाडणार नाहीत ना? नाही गं. पुढे नौदलात जायलाच हवं असं कसलंही बंधन नाही. १९६७ साली ॲबर्डीनला अशी पहिली तुकडी निघाली. मुलं शिक्षण सांभाळून आठवड्यातली एक संध्याकाळ शिकतात आणि अधूनमधून समुद्रावर जातात, एवढंच.

आता बाबांसाठी बोटीची माहिती. आर्चर जातीची गस्ती बोट, बोलताना सगळे पी-२००० म्हणतात. लांबी २०.८ मीटर, रुंदी ५.८, वजन ५४ टन, तरंगायला १.८ मीटर पाणी लागतं. अंग फायबरचं, दोन डिझेल इंजिनं, बोट ढकलणारे पाण्याखालचे दोन पंखे. १९८० च्या दशकात शोरहॅमच्या वॉटरक्राफ्ट कंपनीने अशा बोटी बांधायला घेतल्या; ती कंपनी मध्येच बुडाली, म्हणून उरलेल्या व्हॉस्पर थॉर्निक्रॉफ्टने पुऱ्या केल्या. कायमची माणसं पाचेक, वर डझनभर विद्यार्थी.

शिकायला अशी लहान बोटच हवी, हे माझं ठाम मत. मोठ्या जहाजावर विद्यार्थी कडेला उभा राहून बघतो. इथे सुकाणू, नकाशा, दोर, स्वयंपाक, सगळं आळीपाळीने हातात येतं आणि चूक लगेच दिसते.

नकाशावर बोटीची जागा दर सहा मिनिटांनी टिपतात. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग. वेग १२ नॉट, म्हणजे तासाला १२ सागरी मैल असेल, तर सहा मिनिटांत १.२ सागरी मैल, हिशेब तोंडी होतो. किनाऱ्यावरच्या तीन खुणा धरायच्या, होकायंत्राने त्यांच्या दिशा घ्यायच्या आणि तीन रेघा ओढायच्या. त्या एका बिंदूत क्वचितच मिळतात, मध्ये लहानसा त्रिकोण उरतो. तो मोठा आला तर एखादी खूण चुकीची ओळखली आहे, किंवा दिशा घेण्याचा क्रम चुकला आहे. अगदी बाजूला असलेल्या खुणेची दिशा सगळ्यात झपाट्याने बदलते, म्हणून ती शेवटी घ्यायची आणि घड्याळातली वेळ त्याच क्षणाची लिहायची. नवखी मुलं नेमकी तीच आधी घेतात.

पाण्याचा हिशेब तुमच्या ओळखीचाच, बाबा. सहा तासांच्या भरतीचे बारा हिस्से करायचे. तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असं पाणी चढतं. पण ब्रिस्टलच्या खाडीत उधाणाला पाणी बारा मीटरच्याही वर चढतं, म्हणजे मधल्या एकेका तासात तीन मीटर. इथली भरतीची कोष्टकं ग्रिनिच वेळेत छापलेली असतात आणि उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. तो एक तास हिशेबात धरायचा राहिला की तीन मीटरची चूक, आणि बोटीला लागतं १.८ मीटर पाणी! सईला मी हे दोनदा लिहून दिलंय.

धक्क्याला लागताना एक पंखा पुढे, एक मागे फिरवला की बोट जागच्या जागी वळते. तिथे दोनच गोष्टी सांभाळायच्या: दोराच्या वेढ्यात पाय नको आणि सैल दोर पाण्यात नको. तो पंख्यात गुंतला की ते इंजिन बंदच.

आई, तुझ्यासाठी लाइफ जॅकेटबद्दल नीट लिहितो. हिवाळ्यात इथलं पाणी दहा अंशांच्या खाली जातं. पडल्यावर पहिल्या मिनिटात पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धाप लागते, म्हणून जॅकेट आपोआप फुगावं लागतं. बहुतेक जॅकेटांत पाणी लागताच विरघळणारी गोळी असते. ती विरघळली की स्प्रिंग सुटते आणि सुई गॅसचं नळकांडं फोडते. बोटीच्या थरथरीने ते नळकांडं सैल होतं. मग जॅकेट फुगतच नाही. म्हणून दर वेळी अंगात घालण्याआधी हाताने पिळून घट्ट करायचं, गोळीची मुदत बघायची. आणि मांड्यांमधून येणारा पट्टा लावायचाच. तो मोकळा राहिला तर फुगलेलं जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्यात जातं.

बोट हलकी, म्हणून डोलते फार. पोटात ढवळलं तर वर उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघायचं, खाली बसून नकाशात डोकं घालायचं नाही. उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी. एकदा सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. सोबत कोरडी बिस्किटं. आई, आलेपाकाच्या वड्या पाठवणार असशील तर पातळ कापून पाठव, खिशात राहतील अशा.

तुमचा,
नंदू