पसंतीक्रम फक्त पदवीधरांनाच का?

महोदय,

विधान परिषदेच्या नागपूर पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत मतदाराच्या हाती जांभळा पेन देतात आणि उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहिता येतात. आपला पहिला उमेदवार बाद झाला, तर मत पुढच्या पसंतीकडे जाते. विजयाचा कोटा वैध मतांच्या निम्म्याहून अधिक असतो. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले तेही पुढच्या पसंतीची मते मोजल्यावरच.

महापालिकेला मात्र एका जागेसाठी एकच बटण. ‘मत वाया जाईल’ या धास्तीने कितीतरी लोक वस्तीत खरोखर काम करणाऱ्या अपक्षाला सोडून देतात. २०१३ पासून ‘नोटा’ आहे. नोटाला सर्वाधिक मते पडल्यास स्थानिक निवडणूक पुन्हा घेण्याचा आदेशही राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला. चांगलेच झाले, पण त्यातून फक्त नकार कळतो, दुसरी पसंती नाही.

पदवी नसलेल्यांना पसंतीक्रम जमणार नाही, हे मला अजिबात पटत नाही. मोजणी लांबेल, यंत्रांत बदल करावे लागतील, हे मान्य. विधानसभा-लोकसभेसाठी केंद्राचा कायदा बदलावा लागेल. स्थानिक संस्थांचे कायदे मात्र विधिमंडळाच्याच हातात आहेत. नगरपंचायतीत एका प्रभागातून एकच सदस्य निवडला जातो, त्यामुळे सुरुवात तिथून सोपी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विदर्भातील आमदारांनी यासाठी अशासकीय विधेयक आणावे.

– एक मतदार, धरमपेठ, नागपूर